‘बघू, झोपली तर झोपली’

एमआरआयची वेळ घ्यायला फोन केला की पलीकडून विचारतात: पेशंटचं नाव, वय, कुठला भाग, डॉक्टर कोण. मूल बौद्धिक अक्षमतेचं आहे का, त्याला ऑटिझम आहे का, मोठा आवाज सोसतो का, हे कुणी विचारत नाही. ते आपणच सांगावं लागतं. आणि सांगितल्यावर जे उत्तर येतं ते मी लेकीच्या शाळेतल्या पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. ‘काही टेन्शन घेऊ नका. औषध देऊ. बघू, झोपली तर झोपली.’

हे ‘बघू’ ऐकलं की तिथंच थांबा. स्कॅन जागेपणी करायचा की भूल देऊन, हे घर सोडण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. जागेपणी करायचा तर मुलाची तयारी हवी. भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ हवा. दोन्ही रस्ते चांगले आहेत. मधला एक रस्ता आहे, बाकड्यावर बसवून चमच्यानं गुंगीचं औषध पाजायचं आणि पुढचं नशिबावर सोडायचं. त्या रस्त्यानं आम्ही एकदा जाऊन आलोय.

आम्ही तासगावकडचे. मोठी तपासणी म्हटली की आमच्याकडची माणसं मिरजेला जातात, आम्हीही तिथल्याच एका सेंटरला गेलो. आमची धाकटी तेव्हा अकरा वर्षांची. ती बोलते मोजकं, पण तिला समजतं बरंच, आणि हे अनोळखी माणसाच्या लक्षात यायला वेळ लागतो. लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांवर सगळं आटोक्यात होतं, त्या वर्षी फिट वाढल्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय लिहून दिला. सीटी स्कॅनवर भागणार नाही का, असं मी विचारलं होतं, कारण तो काही सेकंदांत उरकतो. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागून कुणी आलं तर सीटी आधी. पण फिटचं मूळ शोधायचं तर मेंदूच्या सालीतला बारीक दोष किंवा हिप्पोकॅम्पसमधला बदल बघावा लागतो, आणि तो सीटीवर अनेकदा निसटतो. शिवाय सीटीत क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये नसतात. ही पाच मिनिटांची चर्चा प्रत्येकानं करावी. ‘या स्कॅनमुळे उपचारात काय बदलणार?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. कधी कधी उत्तर ‘फारसं काही नाही’ असंही येतं, मग मुलाला त्या खोलीत नेण्याचं कारणच उरत नाही.

आम्हाला सकाळी नऊची वेळ दिली होती. रात्रीनंतर पोटात काही नको, पाण्याचा थेंबसुद्धा नको, असं रिसेप्शनवरून बजावलेलं. मध्येच अपघाताचे पेशंट आले आणि आमचा नंबर दुपारवर गेला. अपघाताला आधी घ्यायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उपाशी, तहानलेल्या मुलीला ‘थोडं थांब’ हे कसं समजवायचं? समोरच्या बाकावर एक आजोबा बिस्किटं खात होते. ती त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. सकाळची फिटची गोळीही ‘काही देऊ नका’ म्हटल्यामुळे राहिली होती.

अखेर औषध आलं. प्लास्टिकच्या छोट्या कपात, गोडसर वासाचं. अर्धा तास झाला तरी झोप नाही. पाय लटपटायला लागले, डोळे तांबारले, पण पोरगी बसेना की निजेना. मधेच खुदखुदायची, मधेच किंचाळायची, भिंतीवर डोकं घासायची. काही मुलांवर या औषधांचा असा उलटा परिणाम होतो हे आम्हाला नंतर कळलं. तिथं ‘हट्टी आहे’ असं ठरलं आणि आणखी औषध दिलं. पेंगल्यावर उचलून आत नेलं, डोक्यावर यंत्राचा पिंजरा बसवला, टेबल आत सरकलं आणि यंत्राचा पहिला ठोका पडला. ती ताडकन उठायला गेली. मग हात धरायला एक, पाय धरायला एक, खांद्याला मी. ‘घट्ट धरा, थोडंच काम आहे,’ असं कुणीतरी म्हणालं.

एमआरआयमध्ये घट्ट धरून काही साधत नाही. इंजेक्शन द्यायला हात धरता येतो, इथं मान चार-पाच मिनिटं जागची हलता कामा नये, आणि एका झटापटीनंतर ते होणं शक्यच नसतं. स्कॅन थांबवला. हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट, असा रिपोर्ट आला, आणि मूल सहकार्य करत नाही अशीही ओळ होती. सहकार्य म्हणजे कशाशी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरी भीती त्यानंतरची. बाहेर पडल्यावर औषधानं जोर धरला आणि ती गाढ झोपली. आमच्यासारखी कितीतरी माणसं मोटरसायकलवर येतात, मूल मधे बसवतात, आई मागून धरते, आणि तशीच तीस-चाळीस किलोमीटर परत जातात. असं कधीही करू नका. गुंगीतल्या मुलाची हनुवटी छातीवर पडली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि मागे बसलेल्या आईला ते दिसत नाही. आमच्या नशिबानं मेहुणा गाडी घेऊन आला होता. सेंटरमधून मात्र कुणी ‘पूर्ण जागी होऊ दे, मग न्या’ असं म्हटलं नाही. मूल डोळे उघडून बघतंय, नेहमीसारखं ओळखतंय, घोटभर पाणी नीट गिळतंय, हे झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही, कितीही रात्र होवो. गाडीत नेताना मागे त्याच्या शेजारी एक माणूस हवा, आणि त्याचं लक्ष मोबाइलवर नको, मुलाच्या मानेवर हवं.

पुढचे काही आठवडे ती केस विंचरू देईना. डोक्याकडे हात गेला की ओरडायची. पांढऱ्या फरशीच्या कुठल्याही खोलीत जाईना, अगदी बँकेतसुद्धा. आणि स्कॅन तर अजून व्हायचाच होता.

आता भुलीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहेत. भूल दिली म्हणजे आपण हरलो, असं मानणारे पालक मी पाहिलेत. तसं काही नाही. लेकीच्या वर्गातला एक मुलगा आहे, त्याला दोन मिनिटंसुद्धा आडवं पडणं जमत नाही, अंगाला दुसऱ्याचा हात सहन होत नाही. त्याच्या आईनं थेट मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्कॅन करून घेतला आणि तेच बरोबर होतं. तिनं आणखी एक हुशारी केली. त्याच भुलीत रक्ताचे नमुने घ्यायला सांगितले आणि दातांच्या डॉक्टरांना येऊन दात बघायला लावले, कारण एरवी तो तोंड उघडतच नाही. आधी ठरवलं तर पुष्कळ रुग्णालयं असं जमवून देतात.

फोनवर विचारायचं ते हे. त्या दिवशी भूलतज्ज्ञ स्वतः असणार का, की फक्त ‘बोलावलं तर येतील’? एमआरआयच्या खोलीत चालणारा मॉनिटर आहे का? नेहमीचा मॉनिटर तिथं चालत नाही, चुंबकामुळे वेगळा लागतो. शुद्धीवर येईपर्यंत ठेवायला खाट आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं ठिकाण बघा. गुंगीचं सिरप घरूनच पाजून आणा असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. औषध चढतं तेव्हा मूल रस्त्यात असतं आणि श्वासावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांतही असं औषध घरी देऊ नये असंच बजावलं आहे.

उपाशी ठेवण्याचा नियम बहुतेक भूलतज्ज्ञ २-४-६ असा सांगतात. साधं पाणी भुलीच्या २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, हलकं खाणं आणि वरचं दूध ६ तास. तळलेलं, जड जेवण असेल तर ८ तास धरतात. म्हणजे दुपारी एकच्या स्कॅनला आदल्या रात्रीपासून तहानलेलं ठेवायची गरज नसते. तुमच्या मुलासाठी नेमकं काय, ते भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या, रिसेप्शनच्या तोंडी निरोपावर राहू नका. सकाळचीच पहिली वेळ मागा. आणि फिटची गोळी! ती बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच असते, कारण एक डोस चुकला तरी फिट येऊ शकते. आपल्या डॉक्टरांना आधी विचारा आणि ‘गोळी द्यावी’ हे त्यांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. मग काउंटरवर वाद घालावा लागत नाही.

मूल झोपेत घोरतं का, सर्दी-खोकला आहे का, दात हलतोय का, हे सगळं भूलतज्ज्ञांना सांगायचं. दुधाचा दात हलत असेल तर भुलीत तो निसटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डाऊन सिंड्रोम असेल तर आवर्जून सांगा. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात आणि मान हाताळताना जपावं लागतं.

आम्ही मात्र दुसऱ्या वेळी जागेपणी करायचं ठरवलं. हे सुचवलं शाळेतल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, ती प्रार्थनेला डोळे मिटून उभी राहते, गोष्ट ऐकताना आडवी पडून राहते. मग तिला पडून राहता येत नाही असं कोण म्हणतं? तिला ते यंत्र माहीत नाही, एवढंच. बाईंनी कागदावर यादी काढली. अनोळखी खोली. डोक्यावरचा पिंजरा. बोगदा. आवाज. न हलणं. सुई. प्रत्येक गोष्ट वेगळी शिकवायची, आणि एक अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी हातात घ्यायची नाही.

पिंजऱ्यापासून सुरुवात केली, कारण डोक्याला हात लावणंच बंद झालं होतं. स्वयंपाकघरात पालेभाजी निथळायची प्लास्टिकची जाळी होती. आधी ती मी डोक्यावर घातली. मग तिच्या आईनं. मग आजीनं, आणि आजीच्या डोक्यावर जाळी बघून पोरगी पोट धरून हसली. काही दिवसांनी तिनं स्वतःच ती ओढून घेतली. चेहऱ्यावर जाळी ठेवून आरशात बघणं हा पुढे तिचा खेळच झाला. खऱ्या यंत्रातही डोक्यावरच्या पिंजऱ्याला बऱ्याचदा छोटा आरसा असतो, त्यातून पायाकडचं माणूस दिसतं. आरसा लावणार का, हे विचारून ठेवा.

बोगद्यासाठी जेवणाचं टेबल आणि दोन चादरी पुरल्या. यंत्राचं भोक साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचं असतं, नव्या यंत्रांत ७० सेंटिमीटर. टेपनं मोजून दोन्ही बाजूंना उशा लावल्या, की आत गेल्यावर किती जागा उरते ते तिला अंगाला कळावं. आवाजाच्या ध्वनिफिती इंटरनेटवर सहज मिळतात. पहिल्यांदा मोबाइल पलीकडच्या खोलीत ठेवून, ऐकू येईल न येईल इतकाच आवाज. रोज थोडा जवळ. आमच्याकडं द्राक्षबागा आहेत, फवारणीचा ब्लोअर पहाटेपासून घरघरत असतो. त्यातला एक आवाज ऐकून ती म्हणाली, ‘ब्लोअर.’ आम्ही तेच नाव ठेवलं. दुसऱ्या आवाजाला ‘बोअर’, बोअर मारायची गाडी येते ती. नाव मिळालं आणि निम्मी धास्ती गेली. हा आवाज खरोखर मोठा असतो, १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही घालतात. बोळे घालून घ्यायची सवय वेगळी करावी लागते. आमच्या लेकीनं सगळ्यात जास्त विरोध पिंजऱ्याला नाही, बोळ्यांना केला.

न हलण्यासाठी ‘स्टॅच्यू’. हा खेळ घरोघरी असतोच. फक्त तो उभ्यानं नाही, पडून खेळायचा, आणि मूल आज जेवढं थांबू शकतं त्याच्या थोडं कमीपासून सुरुवात करायची, म्हणजे पहिल्याच दिवशी ते जिंकतं. पूर्ण स्कॅन अर्ध्या-पाऊण तासाचा असला तरी तो सलग नसतो, काही मिनिटांचे तुकडे असतात. तुकडा संपला की यंत्र गप्प होतं, पुढचा सुरू होतो. एका तुकड्यात मूल हललं तर तेवढाच पुन्हा घेता येतो. हे आम्हाला आधी माहीत असतं तर पहिल्या वेळी घालमेल निम्मी झाली असती. घरी टाइमर लावायचा, तो वाजेपर्यंत स्टॅच्यू, वाजला की हातपाय झाडून घ्यायचे.

बाईंनी एक गोष्टही करून दिली. अशा गोष्टींना सोशल स्टोरी म्हणतात, अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली. पुठ्ठ्यावर फोटो, खाली एकेक ओळ. मी गाडीत बसते. मी पैंजण काढते. मी झोपते. मशीन आवाज करतं. पप्पा पायाला हात लावतात. मशीन थांबतं. मी वडापाव खाते. रोज रात्री तेवढंच वाचायचं. ‘दुखणार नाही’ ही ओळ मुद्दाम घातली नाही. तिच्यासारखी मुलं वाक्यातला ‘दुखणार’ हा शब्द उचलतात. आणि ‘आपण जत्रेला चाललोय’ असली थाप तर मुळीच मारू नये. एकदा फसलेलं मूल पुढच्या वेळी घराच्या उंबऱ्यालाच धरून बसतं.

परदेशात यासाठी रुग्णालयंच पुष्कळ करतात. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात स्कॅनरची खोली समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी रंगवली आहे. २०२२ मध्ये लेगो कंपनीनं खेळण्यातले एमआरआय स्कॅनर रुग्णालयांना वाटायला सुरुवात केली, मुलांनी आधी त्यात बाहुली घालून बघावी म्हणून. आमच्याकडं एवढं नाही. पण दुसऱ्या सेंटरच्या टेक्निशियन मॅडमना मी फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘दुपारी जेवणाच्या सुट्टीत घेऊन या, मशीन रिकामं असतं.’ काचेतून खोली दाखवली. मग कापडी बाहुली टेबलावर ठेवून टेबल आत-बाहेर करून दाखवलं. पैसे लागले नाहीत, दहा-पंधरा मिनिटं लागली. मागितलं नसतं तर मिळालंही नसतं. येताना मी त्यांच्याकडून स्कॅनला घालायचा हिरवा गाऊन घरी मागून आणला. ती दोन दिवस त्यातच हिंडली.

धातूचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. एमआरआयचं चुंबक यंत्र काम करत नसतानाही चालूच असतं, रात्रीही. १.५ टेस्लाचं साधं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. म्हणून क्लिप, सेफ्टी पिन, चेनची पँट, ताईत, करदोटा, सगळं घरीच काढा. चांदी-सोनं चुंबकाला चिकटत नसलं तरी ते तापू शकतं आणि प्रतिमाही बिघडवतं, तेही काढायचं. आमच्या लेकीच्या कानातल्या रिंगा लहानपणी पिळून घट्ट बसवलेल्या होत्या, त्या सोनाराकडूनच काढाव्या लागल्या. हे काम ऐनवेळी सेंटरच्या दारात पक्कडीनं करायचं नसतं, आठवडाभर आधी उरका. ज्या मुलांना सापडेल ते तोंडात घालायची सवय आहे त्यांच्या पालकांनी हे नक्की सांगावं. नाणं, खेळण्यातला चुंबक, घड्याळाचा सेल पोटात गेल्याचा संशय असेल तर आधी एक्स-रे काढून बघतात. डोक्यात शंट असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड बरोबर हवं. बाहेरून दाब ठरवता येणारा शंट असेल तर स्कॅननंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं.

आत जाणाऱ्या पालकालाही हेच नियम. मोबाइल, किल्ल्या, पट्टा, एटीएम कार्ड बाहेर. पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर दुसऱ्या कुणी आत जावं. पायाशी उभं राहायचं आणि आधीच ठरलेली खूण करायची. मी तिच्या पावलाला हात लावून ठेवला होता, एक दाब म्हणजे ‘मी आहे’. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलं की दाबायचा. तो तिला फार आवडला. सारखा दाबायची, मॅडम सारखं थांबवून विचारायच्या ‘काय झालं बाळा?’ आणि ती हसायची. शेवटी फुगा माझ्या हातात दिला.

मॅडमना मी आधीच विनंती केली होती की डॉक्टरांना सगळ्यात गरजेच्या वाटणाऱ्या प्रतिमा आधी घ्या. हे फार उपयोगी पडलं. पहिले तुकडे छान झाले. ‘ब्लोअर आला, आता बोअर येणार,’ असं मॅडम माइकवरून तिच्याच भाषेत सांगत होत्या. मध्ये एकदा ती खोकली, तो तुकडा पुन्हा घेतला. शेवटी शेवटी पाय हलायला लागले आणि तिनं मोठ्यानं ‘बास’ म्हटलं. मी बास केलं. अजून दोन छोटे तुकडे राहिले होते, शिरेतून औषध देऊन काढायच्या प्रतिमाही राहिल्या. रेडिओलॉजिस्टनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, हवं ते आलंय, सुई टोचायची गरज नाही. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत गरज असेलही. मग टोचायच्या जागी सुन्न करणारं मलम तासभर आधी लावून ठेवता येतं, डॉक्टरांना विचारून ते आणून ठेवा. पण मुलानं ‘बास’ म्हटल्यावर ‘एकच, अजून एकच’ करत ताणू नका. पुढच्या वर्षी कदाचित पुन्हा यायचं असतं.

काही कागदपत्रांचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५ व्या कलमात दिव्यांग व्यक्तीला तपासणी आणि उपचारात प्राधान्य द्यावं असं आहे. रांगेत हे ओरडून सांगण्यापेक्षा वेळ घेतानाच यूडीआयडी कार्डचा फोटो पाठवून पहिली वेळ मागणं जास्त कामाला येतं. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. कशाचे किती मिळतात याला आतमध्ये मर्यादा आहेत, म्हणून स्कॅनच्या आधी नोंदणी चालू आहे ना ते बघा आणि बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट मूळ स्वरूपात ठेवा.

घरी एक कागद करून फाइलला लावा: काय जमलं, कशाला घाबरली, कोणती खूण चालली, कोणतं औषध उलटलं. आमच्या कागदावर गुंगीच्या त्या औषधाचं नाव ठळक लिहिलंय. पुढे कधी कुणी तेच द्यायला काढलं तर मी घरात असेन-नसेन, कागद असेल.

आणि स्कॅन झाल्यावर फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागा. फिल्मवर निवडक प्रतिमा असतात, सगळ्या नाहीत. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला गेलात तर ते सीडीच मागतात, आणि ती नसली की सहज म्हणतात, ‘मग एकदा रिपीट करून घेऊ.’